तुम्ही विचारलंत म्हणून: चार दिवस आणि एकच शहर

"चार दिवस होते ना हाताशी? मग लिस्बनबरोबर पोर्तो तरी उरकायचं!" मे महिन्यापासून हे मला मावशीने विचारलं, नणंदेने विचारलं, ऑफिसातल्या दोघींनी विचारलं. पाठोपाठ पुढचा प्रश्न ठरलेला: "आणि सगळं पायी? तिथे तर ट्राम आहे." आता तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

आम्ही जर्मनीत राहतो. येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी इथे गुरुवारी येते. शुक्रवारची रजा टाकली की सलग चार दिवस मिळतात. एरवी आम्हा दोघांचं बोलणं म्हणजे किराणा, भाडं आणि मशीन कोणी लावायचं. चालायला लागलो की तसं राहत नाही. चढावर दम लागतो, तोंड बंद होतं, आणि वर पोचून कठड्याला टेकलं की कधीचं मनात राहिलेलं काहीतरी बाहेर येतं. नवऱ्याला नोकरी बदलायची आहे, हे मला लिस्बनमधल्या ग्रासा नावाच्या टेकडीवर कळलं. सहा महिने तो ते मनात घेऊन फिरत होता. माझ्यासाठी पायी फिरण्याचं एवढं एक कारण पुरेसं आहे.

बाकीचं लिस्बनने दिलं.

आमचा फ्लॅट त्याच टेकडीवर, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहिल्याच संध्याकाळी कुलूप उघडेना. आवाज ऐकून समोरच्या आजी बाहेर आल्या, "शाव, शाव" म्हणत त्यांनी हात पुढे केला, दार स्वतःकडे ओढून धरलं आणि किल्ली फिरवली. उघडलं. मग आत येऊन त्यांनी खिडकी उघडून दाखवली. "ज़नेला," म्हणाल्या, आणि खालच्या तेजू नदीकडे बोट केलं. माझा नवरा सावंतवाडीचा. तो तिथेच ओरडला, "आमच्याकडे जनेलच म्हणतत गो!"

त्यानंतर आमचं फिरणं म्हणजे पाट्या वाचणं झालं. भाजीच्या दुकानात बटाट्याला 'बताता', कोबीला 'कोव', अननसाला 'अननाश'. पैसे देणे या क्रियापदाला 'पगार'! किल्ल्या करून देणाऱ्याच्या पाटीवरचा शब्द रोमन अक्षरांवरून आम्ही 'चावेस' असा वाचला, पण लोक बोलताना 'श' म्हणतात. नंतर वाचून समजलं की जुन्या पोर्तुगीजमध्ये तिथे 'च'च होता, तो लिस्बनकडे पुढे 'श' झाला. म्हणजे त्यांच्या तोंडून गेलेला उच्चार आपल्या चावीत अजून आहे. ट्राममधून हे दुकान दिसलंही नसतं.

आणि पायाखालची फरसबंदी! पांढऱ्या चुनखडीचे आणि काळ्या दगडाचे मुठीत मावतील एवढे तुकडे, सगळ्या शहरभर. याची सुरुवात 1842 मध्ये झाली. शहरातल्या साओ जोर्ज किल्ल्यातल्या कैद्यांकडून तिथल्या आवारात नागमोडी पट्टे बसवून घेतले. मग काही वर्षांत रोसियू चौकात काळ्या-पांढऱ्या लाटा आल्या. त्या पाहताना खरंच पाय अडखळतो, जमीन हलतेय असं वाटतं. एका गल्लीत डागडुजी चालली होती. कारागीर बुटक्या स्टुलावर बसलेला. दगड डाव्या तळहातावर घ्यायचा, छोट्या हातोडीने दोन टोले, एक कपची उडाली की तो वाळूत बसवायचा, वरून एक टोला. बसला नाही तर पुन्हा तळहातावर. माप घ्यायला काही नाही, सगळं हाताच्या अंदाजाने. आम्ही अर्धा तास तिथे उभे होतो. तेवढ्यात फूटभर जागासुद्धा भरली नव्हती.

बाकी जे सगळे बघतात ते आम्हीही पाहिलं. 1 नोव्हेंबर 1755 च्या सकाळी, चर्चमध्ये सणाची गर्दी असताना, भूकंप झाला. मागून समुद्राची लाट आली आणि आग लागली. कार्मोच्या मठाचं छप्पर तेव्हा पडलं ते पुन्हा घातलंच नाही. नुसत्या कमानी उभ्या आहेत, वर निळं आकाश. खालची बायशा वस्ती नव्याने सरळ रेषेत आखली, भिंतींच्या आत लाकडी पिंजरे घालून, म्हणजे धक्क्याला घर तग धरेल. अल्फामाच्या गल्ल्या मात्र बऱ्याचशा जुन्याच वळणाच्या राहिल्या. तिथे आम्ही तीनदा हरवलो आणि तिन्ही वेळा एकाच नीलमोहराखाली निघालो. मेच्या शेवटी तो पुरता फुललेला असतो.

रविवारी नदीकाठाने बेलें या भागापर्यंत साधारण सहा किलोमीटर चाललो. वाटेत तो लाल लोखंडी पूल डोक्यावर येतो, वरच्या गाड्यांमुळे मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा घूं घूं आवाज खाली सतत ऐकू येतो.

बेलेंला जेरोनिमूश मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची समाधी आहे. 1524 मध्ये तो कोचीत वारला, पुढे त्याला इथे आणलं. दगडी माणूस हात जोडून झोपलेला, भोवती फोटो काढणारे. नवरा जरा लांबच थांबला. त्याचं कुलदैवत शांतादुर्गा. पोर्तुगीजांनी देवळं पाडली तेव्हा लोकांनी देवीला गोव्यातल्या केळशीहून रातोरात नदीपलीकडे कवळ्याला नेलं, ही गोष्ट त्याने आजीकडून शंभरदा ऐकलेली. मला वाटलं, काही बोलेल. बोलला नाही. दोन दिवस याच लोकांच्या शब्दांवर आम्ही लहान मुलांसारखे हरखलो होतो. आता तो ते हरखणं आणि ही समाधी दोन्ही मनात घेऊन उभा होता. मी त्याचा हात धरला, आणि आम्ही बाहेर आलो.

काठावर बसून, बूट काढून, त्याने सावंतवाडीला फोन लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती. समाधीचं त्याने काढलंच नाही. म्हणाला, "आये, हय पण जनेलच म्हणतत."

आई थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "मगे आमचो शब्द थंय गेलो कसो?"