नागपूरचा सर्व्हर आणि मुंबईचा वळसा

शाळेच्या मुलांसाठी व्हिडिओ धडे बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी नेटवर्कचं काम बघतो. आमचा कॅश सर्व्हर, म्हणजे धड्यांच्या प्रती ठेवून बघणाऱ्यांना पुरवणारं मशीन, एकच, तोही मुंबईत. विदर्भातले पालक सतत सांगायचे, धडा सुरूच होत नाही पटकन. दुसरा सर्व्हर कुठे ठेवायचा, हे मला ठरवायचं होतं.

बघणारे सगळ्यात जास्त पुण्यात, म्हणून आधी पुण्याचाच विचार केला. पण फायबरमधून प्रकाश १ मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. पुणं मुंबईपासून तेवढंही लांब नाही, मग वाचणार काय? मुंबईचा सर्व्हर आहेच असं धरून, आणखी एक कुठे टाकला तर सगळ्यांचा मिळून थांबण्याचा वेळ सर्वांत जास्त घटतो, असा हिशोब मांडला. उत्तर आलं नागपूर. महिनाभरासाठी तिथल्या एका डेटा सेंटरमध्ये भाड्याने मशीन घेतलं.

आणि पहिल्याच दिवशी धक्का बसला. नागपुरातल्याच एका घरून पिंग केलं, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजलं, तर मुंबईचा सर्व्हर १९ मिलिसेकंदात उत्तर देत होता आणि नागपूरचा ३७! ट्रेसरूट काढला, म्हणजे संदेश वाटेत कोणकोणत्या राउटरवरून जातो त्याची यादी. चौथ्या आणि पाचव्या राउटरच्या नावात ‘बीओएम’, म्हणजे मुंबई. त्या घराचं इंटरनेट एका कंपनीचं, डेटा सेंटरची लाइन दुसरीची, आणि या दोघींची गाठ पडत होती थेट मुंबईत. गावातल्या गावात जायचं पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, मुंबईला जाऊन परत येत होतं. व्हिडिओ सुरू होण्याआधी जोडणी, मग एन्क्रिप्शनच्या किल्ल्या, मग व्हिडिओच्या तुकड्यांची यादी, मग पहिला तुकडा, इतक्या फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीला हाच वळसा.

माझी चूक इथे होती: मी अंतर नकाशावर मोजलं होतं. हे आधी तपासायला हवं होतं, याची मला अजून चुटपुट लागते. नेटफ्लिक्स आपली मशीनं इंटरनेट कंपन्यांच्या जाळ्याच्या आतच का बसवतं, ते तेव्हा नीट कळलं. आमच्याकडे तेवढा ट्रॅफिक नाही, पण विदर्भात आमचे सर्वाधिक ग्राहक ज्या इंटरनेट कंपनीचे (त्या घराचं इंटरनेटही तिचंच), तिच्याशी बोलणं केलं. तीन आठवडे गेले, पण त्यांच्या नागपूरच्या रॅकमध्ये, म्हणजे मशीन ठेवायच्या कपाटात, आम्हाला जागा मिळाली.

त्याच घरून परत पिंग केलं: ४ मिलिसेकंद. दुसऱ्या कंपनीचे ग्राहक मात्र अजून मुंबईवरूनच धडे घेतात. तिच्याशी बोलणी चालू आहेत.