दुपटं

मुलगी व्हायच्या आधी आम्ही ऑनलाइन काय काय मागवलं होतं, त्यातलं दुधाची बाटली गरम ठेवायचं मशीन आता माळ्यावर आहे आणि सासूबाईंनी पिशवीत कोंबून आणलेल्या चार जुन्या नऊवाऱ्या अजून वापरात आहेत. आजेसासूबाईंच्या त्या, धुऊन धुऊन पार विरलेल्या. एका नऊवारीत आठ मीटरच्या वर कापड असतं हे मला तेव्हा कळलं, कारण त्यातून लंगोट, दुपटी, झबली असं निघतच गेलं आणि मी कात्री हातात देण्याच्या ड्युटीवर होतो. नवं कापड टोचतं म्हणून जुनं, इतकं साधं लॉजिक.

आता डोंबिवली आणि जुलै महिना. लंगोट वाळणार कुठे? हॉलमध्ये दोऱ्या, पंखा पाचवर आणि मी इस्त्री घेऊन बसलेला. म्हटलं, आई, दिवसभर डायपरच लावू की! तर म्हणाल्या, "रात्री लावा हो, दिवसा मला कळू दे तिने किती वेळा केली ते." मला हे जुनाट वाटलं, आणि मग पहिल्याच व्हिजिटला डॉक्टरांनी तेच विचारलं, शू किती वेळा होते? बाळ पाच-सहा दिवसांचं झालं की दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा शू व्हायला हवी, तेवढी होत असेल आणि वजन वाढत असेल तर दूध पुरतंय. म्हणजे "पोट भरत नाही हो तिचं, वरचं सुरू करा" म्हणणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला उत्तर आमच्या दोरीवर लटकत होतं.

धुण्याचंपण एक शास्त्र आहे. शी लागलेला लंगोट आधी गार पाण्यात, गरम पाण्याने डाग पक्का बसतो. आणि ते कपडे मऊ करायचं वासाचं लिक्विड अजिबात नको, त्याने कापड ओल शोषेनासं होतं, हे मी एकदा करून बसलोय आणि माझा शर्ट बदलून आलोय.

एका बाबतीत मात्र सासूबाईंशी जुंपली. त्या दुपट्यात बाळाचे पाय सरळ करून घट्ट आवळायच्या, म्हणजे म्हणे पाय सरळ राहतात. डॉक्टर म्हणाले नाही, बेडकासारखे दुमडलेलेच राहू द्या, खुब्याला त्रास होतो. शेवटी वरून बेताचं, खालून सैल अशी तडजोड झाली, आणि ती कुशीवर वळायला लागली तसं गुंडाळणं बंद. "हात गार पडलेत" वरूनही रोज वाद. हात-पाय गारच लागतात तान्ह्यांचे, मान नाहीतर पोट चाचपून बघायचं, हे त्यांना पटायला महिना गेला.

आता ती अडीच वर्षांची आहे आणि त्यातलं एक दुपटं तिला जिवापेक्षा प्यारं. (वर्षाच्या आत झोपेत जवळ सुटं कापड ठेवत नव्हतो, हे लाड नंतरचे.) डोनाल्ड विनिकॉट नावाच्या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९५१ मध्येच या चिंधीप्रेमावर निबंध वाचलाय, त्यामुळे मी काळजी करत नाही, पण ते धुवायला टाकलं की घरात जो हंबरडा फुटतो त्यावर विनिकॉटकडे इलाज नाही. इलाज एकच, पहिल्यापासून दोन सारखी ठेवायची आणि आलटूनपालटून द्यायची. आम्हाला हे उशिरा सुचलं. सासूबाईंनी त्याच साडीतून, त्याच काठाचं दुसरं शिवून पाठवलं, बाईसाहेबांनी हुंगलं आणि फेकलं. मग कुणीतरी सांगितलं त्याला घरचा वास लागू द्या, म्हणून पंधरा दिवस मी ते उशाशी घेऊन झोपलो.

परवा परत दिलं. हुंगलं, विचार केला, "हे बाबाचं" म्हणाली आणि माझ्या मांडीवर नीट पसरून निघून गेली.