मॉसमध्ये राहणारे आणि मॉस खाणारे

स्वीडनमधील उप्पलांडच्या जंगलांत मॉसचा (जमिनीवर, दगडांवर दाट वाढणाऱ्या बिनफुलांच्या छोट्या वनस्पतींचा) ओला थर चाळणीत घालून पांढऱ्या कापडावर झटकला, की कोळी, माइट (कोळ्यांच्या नात्यातले बारीक जीव), भुंगेरे, अळ्या असे कितीतरी जीव खाली पडतात. परंतु त्यांपैकी बहुतेकांना मॉसमधला ओलावा आणि आसरा हवा असतो, आणि कित्येक जण तेथे शिकारीसाठीच आलेले असतात. म्हणून ‘मॉसमध्ये सापडला’ एवढ्यावरून ‘मॉस खातो’ असे लिहिण्यास माझा ठाम विरोध आहे.

असे जीव वेगळे काढण्यासाठी इटालियन कीटकशास्त्रज्ञ अँटोनिओ बर्लेझे यांनी १९०५ साली गरम पाण्याच्या वेष्टनाचे नरसाळे वापरले आणि १९१८ मध्ये स्वीडनच्या आल्बर्ट टुलग्रेन यांनी त्याच कामासाठी विजेचा दिवा वापरला. उष्णतेपासून दूर पळणारे कीटक खालच्या अल्कोहोलमध्ये पडतात. यादी करण्यासाठी ही पद्धत उत्तम आहे, मात्र आहाराचा प्रश्न तिने सुटत नाही. त्यासाठी कीटक जिवंत ठेवावा, त्याला धुतलेले मॉस द्यावे आणि त्याची विष्ठा मायक्रोस्कोपखाली पाहावी. स्फॅग्नम या दलदलीतील मॉसच्या पानात पाणी साठवणाऱ्या मोठ्या, रिकाम्या पेशींच्या मधून अरुंद हिरव्या पेशींची जाळी गेलेली असते, आणि ही नक्षी कुरतडलेल्या तुकड्यातही ओळखू येते.

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७६७ मध्ये वर्णन केलेला बोरियस हायमेलिस हा मॉस खाणारा कीटक ओळखायला त्या मानाने सोपा आहे. त्याचे प्रौढ थंडीतच वावरतात, त्यामुळे बर्फावर चालणारा हा काही मिलिमीटरचा काळपट जीव चटकन नजरेत भरतो. चोचीसारखे खाली लांबलेले तोंड ही पहिली खूण. नराचे पंख आकड्यांसारखे उरलेले असून मीलनाच्या वेळी मादीला धरण्यासाठी तो ते वापरतो. त्याच्या अळ्याही मॉसवरच वाढतात.

दलदलीतील फॅलॅक्रोसेरा रेप्लिकाटा या माशीची अळी मात्र खरी कसोटी पाहते. पाण्यात बुडालेल्या मॉसवर राहणाऱ्या या हिरवट-तपकिरी अळीच्या अंगभर लांब, मऊ तंतू असतात, आणि ती फांदीला धरून निश्चल राहिली की पान कोणते आणि तंतू कोणता हे भिंगातूनही कळत नाही. अशा वेळी पांढऱ्या ट्रेमधील पाण्यात मॉस सैल सोडून हालचाल दिसेपर्यंत थांबावे.

नमुन्याच्या चिठ्ठीवर ठिकाण आणि तारखेबरोबर मॉसच्या जातीचेही नाव असावे, आणि जात कळली नसेल तर त्या मॉसची एक वाळवलेली फांदी कीटकासोबत जपून ठेवावी.