भांडण नेमकं कधी सुरू झालं?

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहा असा मेसेज आमच्या बॅचच्या ग्रुपवर आला आणि तासाभरात लोकांनी गॅदरिंग, सहल, छड्या, खिडकीतून मारलेल्या उड्या असे सगळे विषय वाटून घेतले, पण मला खरंतर लिहायचं होतं ते इतिहासाच्या बाईंनी शिकवलेल्या पॅलेस्टाइनबद्दल, म्हणजे तिथल्या ज्यू आणि अरबांच्या भांडणाबद्दल. कोणीच तो विषय घेतला नव्हता ते बरंच झालं.

1993 चा सप्टेंबर, आम्ही नववीत. 13 तारखेला वॉशिंग्टनमध्ये इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि पॅलेस्टिनी नेते अराफात यांनी शांतता करार झाल्यावर अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांच्या साक्षीने हात मिळवले, तो फोटो छापलेला पेपर घेऊनच बाई वर्गात आल्या. आम्हाला वाटलं पाच मिनिटं सांगतील आणि धड्याकडे वळतील, कसलं काय, ऑफ तास पकडून पकडून ते प्रकरण दिवाळीच्या सुट्टीपर्यंत चाललं. काही पालकांची कुरकुरही झाली, परीक्षेला नाही ते कशाला म्हणून.

बाईंनी सुरुवात चिठ्ठ्यांनी केली. प्रत्येकाने एक साल लिहायचं, हे भांडण कधी सुरू झालं त्याचं, बस. कोणी 1948 लिहिलं (इस्रायल स्थापन झालं ते साल), कोणी 1967 (अरब-इस्रायल युद्धाचं), आणि निम्म्या वर्गाने, त्यात मीही, "हजारो वर्षांपासून" असं लिहून दिलं. बाईंनी त्या गठ्ठाभर चिठ्ठ्या टेबलावर आपटल्या आणि म्हणाल्या, हजारो वर्षं म्हटलं की अभ्यास करावा लागत नाही, म्हणून तुम्हाला ते आवडतं. मग त्यांनी सांगितलं की 1517 पासून चारशे वर्षं तिथे तुर्की सुलतानाचं राज्य होतं, जेरुसलेम, हेब्रॉन, सफेद या गावांत अरबांच्या शेजारी ज्यू राहत होते, कटकटी तेव्हाही होत्या पण ही कटकट नव्हती. ही सुरू होते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, राष्ट्र नावाची कल्पना डोक्यात शिरल्यावर, दोन्हीकडे. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यात कायमचं बसलं, तुम्ही पहिलं साल कुठलं लिहिता त्यावर गुन्हेगार कोण ते ठरतं, म्हणून ज्याच्याशी वाद घालायचाय त्याला आधी त्याचं पहिलं साल विचारा.

फळ्याचे त्यांनी तीन उभे भाग केले, डावीकडे ज्यू, उजवीकडे अरब आणि मध्ये ब्रिटिश, म्हणजे तुर्कांनंतर तिथे राज्य करणारे. डाव्या रकान्यात 1881 नंतर रशियात ज्यूंवर झालेले हल्ले, 1903 चं किशिनेव्ह शहरातलं ज्यूंचं हत्याकांड, ज्यूंचं स्वतःचं राष्ट्र हवं म्हणणारा हर्झल आणि त्याने 1897 ला बाझलला भरवलेली परिषद. मग थेट 1938 ची एव्हियाँ परिषद, जिथे 32 देश जमले, ज्यू निर्वासितांबद्दल हळहळले, आणि आपापले दरवाजे जवळपास बंदच ठेवून घरी गेले. त्यानंतर हिटलरच्या राजवटीत साठ लाख ज्यू मारले गेले. हे ऐकताना वर्ग पूर्णपणे डावीकडे झुकला होता, साहजिक आहे.

मग उजवा रकाना, आणि तिथे बाईंनी भाषण न देता जमिनीचा व्यवहार सांगितला. 1858 मध्ये तुर्कांनी जमीन नोंदणीचा कायदा केला. शेतकरी घाबरला, नाव लागलं की कर आला आणि पोरगा सैन्यात गेला, म्हणून बऱ्याच जणांनी नोंदच केली नाही किंवा गावातल्या बड्या माणसाचं नाव लागू दिलं. जमीन कसतोय एक, कागदावर नाव भलत्याचं. पुढे उत्तर पॅलेस्टाइनमधल्या मर्ज इब्न आमेरच्या खोऱ्यातली मोठमोठी क्षेत्रं बैरुतमध्ये राहणाऱ्या सुरसुक घराण्याकडे गेली आणि 1920 च्या दशकात त्यांनी ती ज्यू संस्थांना विकली. खरेदी कायदेशीर, पैसे रोख मोजलेले, कागद चोख. आणि पिढ्यान्‌पिढ्या ती जमीन कसणारी कुळं बाहेर. आता आमच्या वर्गात कूळ म्हणजे काय हे समजावून सांगायची कोणाला गरज नव्हती, अर्ध्या पोरांच्या घरात तसली एक तरी केस चालू होती. एकदम चुळबुळ सुरू झाली. एकाने विचारलं, मग चूक कोणाची? बाई म्हणाल्या, कुठल्या वर्षातली, कोणी, कोणाशी केलेली चूक ते सांग, मग बोलू. तेव्हा आम्हाला वाटलं बाई टाळतायत.

मधल्या रकान्यात तर धमालच होती. 1915-16 मध्ये मक्केच्या शरीफ हुसेनला पत्रं, तुर्कांविरुद्ध लढा, अरब राज्य देऊ. 1916 मध्ये फ्रान्सबरोबर गुपचूप करार, तो सगळा भाग आपण दोघांत वाटून घेऊ. आणि 2 नोव्हेंबर 1917 ला ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोरचं पत्र, पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंना राष्ट्रीय घर. मागच्या बाकावरून आवाज आला, बाई हा तर एकच प्लॉट तिघांना विकणारा बिल्डर! बाईसुद्धा हसल्या पण लगेच म्हणाल्या, त्या पत्रात बाकीच्या लोकांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांबद्दल लिहिलंय, राजकीय हक्कांबद्दल शोधून दाखवा. आणि हे बाकीचे लोक किती, तर 1922 च्या जनगणनेत एकूण साडेसात लाखांत ज्यू होते साधारण 84 हजार.

मग 1937 चा ब्रिटिशांच्या पील कमिशनचा पॅलेस्टाइनच्या फाळणीचा प्रस्ताव, 1939 ला ब्रिटिशांनी ज्यूंच्या येण्यावर घातलेली पाच वर्षांत 75 हजारांची मर्यादा (आणि ती कधी, तर युरोपातून पळायची सगळ्यात जास्त गरज होती तेव्हा) आणि 29 नोव्हेंबर 1947 ला युनोत फाळणीच्या बाजूने 33 मतं, विरोधात 13. त्या 13 मध्ये भारत होता हे ऐकून आम्ही उडालोच. फाळणी करू नका, संघराज्य करा असं भारत, इराण आणि युगोस्लाव्हियाने आधी सुचवलं होतं, आणि हे आपण म्हणत होतो तेव्हा आपली स्वतःची फाळणी नुकतीच झालेली, रक्तसुद्धा वाळलं नव्हतं.

वादविवादही घेतला त्यांनी. दोन गट, आणि रंगात आल्यावर मध्येच थांबवून बाजू अदलाबदल. माझं प्रामाणिक मत, तो प्रकार थोडा फसला, जे बोलायला तयार ते दोन्हीकडून तितक्याच जोरात बोलले आणि बाकीचे नुसते टाळ्या वाजवत बसले. फळा जास्त चांगला होता.

खूप वर्षांनी वाचनात आलं की सामी अदवान आणि दान बार-ऑन, एक पॅलेस्टिनी आणि एक इस्रायली प्राध्यापक, यांनी तिथल्या शिक्षकांना एकत्र बसवून शाळेसाठी असंच पुस्तक केलं होतं, एका बाजूला एकांचा इतिहास, दुसऱ्या बाजूला दुसऱ्यांचा, आणि मधली जागा कोरी, विद्यार्थ्याने स्वतः लिहायला. सरकारी खात्यांना ते पचलं नाही ते सोडा. आमच्या फळ्यावर त्या मधल्या जागेत ब्रिटिश बसले होते, आणि इथेच माझा बाईंशी वाद आहे. सगळं साहेबाच्या माथी मारलं की बाकी दोघं बिचारे होऊन जातात, आणि ते तसे नव्हते. हिब्रू मजुरीच्या नावाखाली अरब मजूर नको म्हणणारे ज्यू पुढारी होते, 1929 ला हेब्रॉनमध्ये 67 ज्यूंना मारणारे लोक तिथलेच होते, 1948 च्या एप्रिलमध्ये देर यासीनला शंभरावर गावकरी मारणारेही ब्रिटिश नव्हते. त्या वर्षी सात लाखांवर अरब बेघर झाले आणि नंतर अरब देशांतून ज्यूंना निघावं लागलं, हे दोन्ही बाईंनी शेवटच्या तासाला घाईघाईत उरकलं, तिथे खरंतर आठवडा द्यायला हवा होता.

त्याच तासाला कोणीतरी विचारलं, मग आता मिटलं ना बाई? बाईंनी फळ्यावर जेरुसलेम, निर्वासित, वसाहती, सीमा असे चार शब्द लिहिले आणि म्हणाल्या, करारात हे सगळं पुढच्या बोलणीसाठी ठेवलंय. आम्ही अकरावीत असताना, 4 नोव्हेंबर 1995 ला राबिनला त्यांच्याच देशातल्या एका ज्यू तरुणाने गोळ्या घातल्या, आणि ती बोलणी अजून कुठे पोचलेली नाहीत.

बाई कार्यक्रमाला येणार आहेत असं कळलंय. कृपया जेवणाच्या पंगतीत मला त्यांच्या शेजारी बसवा, मधल्या रकान्याबद्दल बोलायचंय.