भिगवणला कवड्या धीवराचा सूर टिपताना

जानेवारीतल्या दोन सकाळी उजनीच्या पाण्यावर काढल्या. भिगवणला बहुतेक जण रोहित पक्षी बघायला येतात, मी गेलो होतो कवड्या धीवरासाठी. हा खंड्याच्या कुळातला काळापांढरा पक्षी पाण्यावर येऊन हवेत एका जागी फडफडत उभा राहतो, चोच सरळ खाली रोखतो आणि दगडासारखा कोसळतो. ते कोसळणं, म्हणजे त्याचा सूर, मला फोटोत हवा होता.

पुण्याहून पहाटे चारला निघालो. सोलापूर महामार्गाने भिगवण साधारण शंभर किलोमीटर. कुंभारगावच्या काठावर पोचलो तेव्हा झुंजूमुंजू होत होतं. होड्या गावातल्या मासेमारांच्याच असतात आणि त्या आदल्या दिवशी फोन करून ठरवाव्यात. फोनवरच सांगा की फेरफटका नको, एका जागी थांबायचं आहे. हे आधी बोललं नाही तर तासाभरात सगळं दाखवून तुम्हाला काठावर आणून सोडतात. त्यात त्यांचा दोष नाही, बहुतेकांना तेच हवं असतं.

पहिल्या दिवशी सूर्य पाठीशी ठेवून बसलो, सगळे सांगतात तसं. उजेड सुरेख होता, धीवरही भरपूर होते, पण प्रत्येक फोटोत पाठ आणि शेपूट. तास-दीड तास असा गेल्यावर होडीवाले मामा म्हणाले, "दादा, वारं समोरनं येतंय. तो वाऱ्याकडं तोंड करूनच उभा राहनार. तुमाला पाठच दिसनार की."

या एका वाक्यासाठी तरी ही सहल केली असं मी म्हणेन. हवेत एका जागी टिकायला पक्ष्याला समोरून वारा लागतो. म्हणजे वारा तुमच्या पाठीवर आला तर पक्ष्याचा चेहरा तुमच्याकडे. वारा आणि सूर्य दोन्ही पाठीशी असले तर सोनंच. दुसऱ्या दिवशी उगवतीकडून गार झुळूक सुटली आणि नेमकं तेच जुळून आलं. वारा उलटा असेल तर हट्ट सोडा आणि होडी अशी लावा की पक्षी आडवा दिसेल. बाजूने घेतलेला सूर समोरच्याइतकाच देखणा येतो.

आता सूर कसा ओळखायचा ते. फडफडणारा धीवर दर वेळी झेपावतोच असं नाही. पुष्कळदा नुसता बघतो आणि पुढे सरकतो. पण कधी कधी तो अर्ध्या उंचीवर येऊन पुन्हा थांबतो. ही दुसरी पायरी दिसली की बटण दाबायला लागा, कारण एकदा पंख मिटले की पाण्यात शिरेपर्यंत सेकंदही जात नाही. पंख मिटलेले दिसल्यावर दाबलंत तर फक्त शिंतोडे मिळतील. माझ्याकडे तसे शिंतोडे शेकड्यांनी आहेत.

नवख्यांनी आधी वर येणारा पक्षी टिपावा. जिथे बुडाला तिथूनच, जवळजवळ त्याच जागी, तो वर उसळतो. त्यामुळे कॅमेरा त्या पाण्यावर धरून ठेवता येतो. मला आवडलेला फोटो असाच मिळाला. मादी पाण्याबाहेर येतेय, पंखांवरून पाण्याच्या तारा निघाल्यात, चोचीत करंगळीएवढं चिलापीचं पिल्लू आडवं धरलेलं. मादी हे छातीवरच्या पट्ट्यावरून कळतं: नराच्या छातीवर दोन काळे पट्टे असतात, मादीच्या एकच आणि तोही मध्ये तुटलेला. नंतर ती जाळ्याच्या बांबूवर बसली, मासा तीन-चार वेळा आपटला आणि डोक्याकडून गिळला.

सेटिंग्जचं सांगायचं तर शटर स्पीड १/३२०० सेकंदाच्या खाली उतरवू नका. पहिल्या दिवशी १/१६०० वर पंख पुसट आले. पांढरी पिसं उजेडात लगेच जळतात, म्हणजे फोटोत नुसती पांढरीफटक येतात, म्हणून एक्स्पोजर मॅन्युअल ठेवून पांढऱ्यावर बेतलं. मागे कधी आकाश, कधी गडद पाणी येतं, त्यात ऑटो गोंधळतो. होडीत ट्रायपॉडचा उपयोग नाही. होडीच्या कडेवर बीनबॅग ठेवून लेन्स टेकवा आणि जमेल तितकं खाली बसा. माझी लेन्स ५०० मिमी होती, ती पुरली. दहानंतर पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि लांबचे फोटो मऊ येतात, तेव्हा आवरतं घ्यावं.

नदी सुरयही तिथेच सूर मारतात. ते जास्त उंचावरून येतात आणि त्यांची दिशा आधी कळते, म्हणून सरावाला उत्तम. ऑस्प्रे हा मासे पकडणारा शिकारी पक्षी एकदाच झेपावताना दिसला. तो धीवरासारखा चोचीने घुसत नाही, शेवटच्या क्षणी पाय पुढे काढतो. मासा घेऊन उठला, हवेतच अंग झाडलं, माशाचं तोंड पुढे वळवून धरलं आणि बुडालेल्या बाभळीच्या खोडावर जाऊन बसला. तिथे त्याच्या मागे जाऊ नका. दुसरी एक होडी गेली आणि तो अर्धवट खाल्लेला मासा घेऊन उडाला. फार वाईट वाटलं.

आणखी एक कळकळीची विनंती. शेजारच्या होडीतून कोणी कुरव आणि घारींसाठी मेलेले मासे फेकत होतं. असं करायला होडीवाल्याला सांगू नका, आणि त्याने आपणहून विचारलं तर नको म्हणा. फेकलेल्या माशावर घारींची झुंबड उडते आणि आपल्या नजरेने मासा हेरणारे पक्षी तिथून निघून जातात. आमच्या समोरचे दोन्ही धीवर तेव्हाच गेले, ते तासभर फिरकले नाहीत.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. गाडी नसेल तर भिगवणला रेल्वे स्टेशन आहे, तिथून पुढची सोय मुक्कामाच्या घरी विचारून ठेवा. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि मोटर लांबच बंद करायला सांगा. आमच्या मामांनी शेवटचे शंभरेक फूट बांबूने होडी रेटली. त्या बांबूला पाणी लागल्याचा तेवढा आवाज येत होता आणि धीवर आमच्या डोक्यावरच येऊन उभा राहिला होता.