बाससाठी मऊ प्लास्टिकची अळी आणि वासाचं तेल

बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा आधी नजरेने आणि अंगावरच्या पार्श्वरेषेने (पाण्यातली हालचाल जाणवणारी रेषा) शिकार हेरतो. त्यामुळे लांबून मासा ओढून आणायला आमिषाच्या प्लास्टिक अळीला लावायचं वासाचं तेल फारसं कामाचं नाही. त्याचा खरा उपयोग पुढे होतो: मासा आमिष लगेच थुंकत नाही आणि हिसका द्यायला थोडा जास्त वेळ मिळतो. हातावरचं सनस्क्रीन किंवा पेट्रोल यांचा वासही त्याने झाकला जातो.

पाणवनस्पतींत टेक्सास रिग (गळाचं टोक अळीच्या अंगात लपवायची जोडणी, म्हणजे ते झाडीत अडकत नाही) सगळ्यात बरी. 6 इंची अळीला 3/0 मापाचा ऑफसेट (मानेशी वाकवलेला) गळ आणि 5 ते 7 ग्रॅमचं गोळीच्या आकाराचं शिसं पुरतं. गळाचं टोक अळीच्या डोक्यात अर्धा सेंटिमीटर घालून बाजूने काढा, गळ डोक्यापर्यंत ओढून फिरवा, मग टोक अंगात खुपसा. अळी सरळच बसली पाहिजे. वाकडी बसली तर ती पाण्यात गरगरते आणि लाइनला पीळ पडतो. नव्वद टक्के कटकट इथलीच!

पातळ तेल लवकर धुऊन जातं; जेलसारखं दाट जास्त टिकतं. पंधरा-वीस फेकींनंतर पुन्हा लावा. मीठ घातलेली अळी वेगाने बुडते, पण लवकर फाटते. वेगवेगळ्या जातीचं प्लास्टिक एकाच डबीत ठेवू नका, काही जाती एकमेकींना वितळवतात.

थंड पाण्यात अळी तळाशी निवांत पडू द्या. वासाचा फायदा होतो तो अशाच वेळी, कारण मासा आमिष निरखत बसतो.