कशेडीतलं बिनमुंडक्याचं भूत

रत्नागिरी-मुंबई रातराणीवर मी वाहक होतो, तेव्हा कशेडीचा बोगदा झाला नव्हता. भरणे नाका सुटला की थोड्याच वेळात घाट सुरू, तो थेट पोलादपूरला उतरायचा. पांढऱ्या साडीतली बाई, लिफ्ट मागणारा म्हातारा, मागच्या सीटवर आपसूक येऊन बसणारं कुणीतरी. वेबिल भरायला शिकायच्या आधी नव्या पोरांच्या कानावर हे सगळं पडलेलं असे. आणि त्यासोबत ताकीद: कशेडीत कुणी हात केला तर थांबायचं नाही.

जुलै महिना होता. धुक्यात अप्पर मारला की समोर नुसतं पांढरं दिसतं, म्हणून ड्रायव्हरमामा डिपरवरच, दुसऱ्या गिअरमध्ये, पोलादपूरच्या बाजूला गाडी उतरवत होते. एका वळणावर दिव्यात ते आलं. पांढरंफेक, गुडघ्यापर्यंत, आणि वर मुंडकंच नाही. माझ्या पोटात गोळा आला. पुढच्या सीटवरचा प्रवासी ओरडला, "मामा, थांबू नका!" आणि शाल तोंडावर ओढून पडून राहिला.

मामांनी करकचून ब्रेक मारला. "भूत खोळ घेऊन उभं राहील होय?"

खताच्या पांढऱ्या पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसून केलेली खोळ. लावणीला बाया घेतात तशी. आत विशीतला क्लीनर, थंडीनं दातखीळ बसलेला. त्यांचा जुना ट्रक डोंगराला घासून गटारात कलंडला होता आणि ड्रायव्हरचा पाय केबिनमध्ये अडकला होता. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलवर उतरत होते! इंजिन बंद म्हणजे ब्रेकच्या टाकीत हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद. मग दर वळणाला ब्रेक दाबून टाकीतली हवा संपत जाते आणि ऐन उतारावर ब्रेक लागत नाही. कशेडीत माणसं कशानं मरतात असं मला कुणी विचारलं, तर मी आधी हे सांगतो.

पोरगं तासभर हात करत होतं. त्याला बघून गाड्या उलट जोरात पळायच्या. एकानं तर खिडकीतून लिंबू फेकलं म्हणे.

मोबाइलला रेंज नव्हती. पण लाल एसटी उभी दिसल्यावर बाकीच्यांनाही धीर आला. समोरून आलेल्या टँकरवाल्याकडे महामार्ग पोलिसांच्या चौकीवर निरोप धाडला. चार प्रवाशांनी टॉमी लावून पत्रा उचलला, मामांनी पाय सोडवला. नडगी मोडली होती, पण माणूस शुद्धीवर होता आणि आपल्या क्लीनरलाच शिव्या देत होता. अँब्युलन्स आली, तो गेला. मी डबल बेल दिली.

पनवेलला शालवाला उतरला. फोनवर बायकोला सांगत होता, "अगं, डोळ्यांनी पाहिलं! मुंडकं नव्हतं!" त्याचे सुटे पैसे द्यायचे राहिले होते, ते मी त्याच्या हातावर ठेवले.